थेट गाडी मिळत नसेल तर: वळसा, जंक्शन आणि चुकलेली कनेक्टिंग गाडी

लांबच्या प्रवासाचं तिकीट बघायला बसलं की थेट गाडीला वेटिंग दीडशे असतं, मग आपण एखाद्या ॲपवर जातो आणि ते ॲप तीन-चार भन्नाट जोडण्या दाखवतं, अमुक ठिकाणी उतरा, पस्तीस मिनिटांनी दुसरी गाडी आहे, ती पकडा, सगळं कन्फर्म. बघायला झकास वाटतं पण ती पस्तीस मिनिटं कागदावरची असतात, आणि पहिली गाडी चाळीस मिनिटं लेट झाली की पुढचं कन्फर्म तिकीट हातात धरून परक्या स्टेशनवर रात्र काढायची वेळ येते. त्यामुळे तोडून प्रवास करायचा असेल तर कुठल्या क्रमाने विचार करायचा, काय तपासायचं आणि गाडी चुकलीच तर पैसे कसे परत मिळवायचे हे नीट एका ठिकाणी लिहितोय. हे सगळं भारतीय रेल्वेबद्दल आहे.

आधी बघा, तोडायची खरंच गरज आहे का

गाडी बदलायचं ठरवण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या, पुष्कळदा काम इथेच होतं.

एक म्हणजे वळसा घालून जाणारी थेट गाडी. मुंबईहून हावड्याला नागपूरमार्गे सुमारे १९७० किलोमीटर पडतं, इटारसी-जबलपूर-प्रयागराजवरून जाणारी गाडी त्याहून लांबून जाते आणि वेळही जास्त घेते, म्हणून लोक ती सहसा बघत नाहीत. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस तर पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असं करत नागपूरला पोचते, नकाशावर बघितलं तर केवढा वळसा! पण ज्याच्याबरोबर म्हातारे आईवडील आणि चार बॅगा आहेत त्याने अशी गाडी डोळे झाकून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. सहा तास जास्त बसावं लागलं तरी चालेल, रात्री दोन वाजता प्लॅटफॉर्म बदलायला लागत नाही. भाडं साधारणपणे गाडी ज्या मार्गाने जाते त्याच्या किलोमीटरवर लागतं, त्यामुळे थोडे पैसे जास्त जातील, पण तोडून काढलेल्या दोन तिकिटांचं भाडं बघितलं तर फरक फारसा राहत नाही. कारण रेल्वेचं भाडं टेलिस्कोपिक असतं, म्हणजे अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर कमी होत जातो, आणि आपण प्रवास दोन तुकड्यांत केला की तो फायदा जातो, वर रिझर्वेशन चार्ज आणि सुपरफास्ट चार्ज दोन्ही तिकिटांवर वेगवेगळे लागतात.

दुसरं, तीच गाडी पण दोन तिकिटं. पूर्ण प्रवासाला वेटिंग असतं पण अर्ध्यापर्यंत सीट असते आणि तिथून पुढे वेगळी सीट असते, असं खूपदा होतं. मग त्याच गाडीची दोन तिकिटं काढायची, मधल्या स्टेशनवर डबा किंवा बर्थ बदलायचा एवढंच. गाडी चुकायचा प्रश्नच नाही, कारण तुम्ही गाडीतच आहात. फक्त बदल रात्री दोन-तीनला येत नाही ना बघा, आणि उठवायला कोणी येणार नाही तेव्हा अलार्म लावून झोपा.

तिसरं, स्टेशन मागेपुढे करून बघणं. वेटिंग सगळं सारखं नसतं. जीएनडब्ल्यूएल म्हणजे जनरल वेटिंग, हे साधारण गाडी जिथून सुटते तिथून किंवा जवळपासहून लांबच्या प्रवासाला मिळतं आणि ते कन्फर्म व्हायची शक्यता सगळ्यात जास्त. आरएलडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल हे मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्याचं वेटिंग, तिथे वीस नंबरसुद्धा अडकून बसतो. त्यामुळे गाडी सुटते त्या स्टेशनपासून तिकीट काढून बोर्डिंग पॉइंट आपल्या स्टेशनचा टाकला तर कधीकधी थोड्या जास्त पैशात काम होतं. पण एकदा बोर्डिंग बदललं की मूळ स्टेशनवरून चढायचा हक्क राहत नाही, हे लक्षात असू द्या.

जंक्शन आधी ठरवा, गाडी नंतर

या तिन्हीतून जमलं नाही तर मग तोडायचं. इथे बहुतेक जण आधी गाड्या बघतात आणि ज्या स्टेशनवर वेळ जुळते ते स्टेशन घेतात. मी म्हणतो उलटं करा. आधी असं जंक्शन शोधा जिथे गाडी चुकली तरी तुमचे हाल होणार नाहीत, म्हणजे पुढे जायला दिवसभरात अजून पाच-सहा गाड्या आहेत, वेटिंग रूम आहे, क्लोक रूम आहे, स्टेशनबाहेर राहायला जागा मिळते. मग त्या जंक्शनला जोडून दोन्ही बाजूच्या गाड्या शोधा.

एक उदाहरण घेऊन सांगतो. समजा मिरजेहून जबलपूरला जायचंय. नकाशा उघडला की तीन ठिकाणं दिसतात, पुणे, भुसावळ आणि इटारसी.

इटारसीला बदलायचं तर मिरजेहून गोवा एक्सप्रेस घ्यायची, ती पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ करत निजामुद्दीनला जाते. इटारसीहून जबलपूर जवळ, त्यामुळे नकाशावर हा पर्याय सगळ्यात सोपा दिसतो. पण ही गाडी वास्कोहून निघून इटारसीला पोचेपर्यंत कितीतरी घाट, सिंगल लाइन, ब्लॉक (दुरुस्तीसाठी काही वेळ बंद ठेवलेला मार्ग) यातून आलेली असते, म्हणजे लेट व्हायला तिला भरपूर वाव मिळालेला असतो, आणि जोडणी तुटली तर तुम्ही घरापासून सगळ्यात लांब आहात.

भुसावळला बदललं तर मुंबईहून येणाऱ्या जबलपूर-प्रयागराज-पाटणा बाजूच्या ढीगभर गाड्या मिळतात, ही जमेची बाजू. पण भुसावळहून चढणाऱ्याला त्या गाड्यांत छोटा कोटा येतो, आणि सणाच्या, लग्नाच्या सीझनमध्ये त्या आधीच गच्च भरून आलेल्या असतात.

पुण्याला बदललं तर? मिरज-पुणे हा पहिला टप्पा छोटा, लेट होऊन होऊन किती होणार, आणि पुण्याहून दानापूर एक्सप्रेस स्वतः सुटते, ती मनमाड, भुसावळ, इटारसीवरून जबलपूरला जाते. गाडी सुटायच्या स्टेशनवर मोठा कोटा, रिकाम्या डब्यात निवांत चढायचं, सामान लावायला वेळ. शिवाय पहिली गाडी रद्द झाल्याचं सकाळी कळलं तर एसटीने सुद्धा पुणं गाठता येतं! माझ्या मते इथे पुण्याला दुसरा पर्यायच नाही. यातून नियम असा निघतो की छोटा टप्पा आधी आणि मोठा टप्पा नंतर, आणि जमलं तर दुसरी गाडी जंक्शनवरूनच सुटणारी.

याला एक दुसरी बाजू आहे. जंक्शनवरून सुटणारी गाडी बहुतेक वेळा वेळेवर सुटते, त्यामुळे तुम्हाला उशीर झाला तर ती तुमच्यासाठी थांबत नाही. लांबून येणारी दुसरी गाडी स्वतःच लेट असू शकते आणि कधीकधी त्यामुळेच सापडते, पण त्या आशेवर बुकिंग करायचं नाही.

स्टेशनचं नाव नीट वाचा

हे छोटं वाटतं पण जोडण्या चुकतात त्या इथे. मुंबईत सीएसएमटी, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, मुंबई सेंट्रल, बांद्रा टर्मिनस, दिल्लीत नवी दिल्ली, जुनी दिल्ली, निजामुद्दीन, आनंद विहार, कोलकात्यात हावडा, सियालदह, शालिमार, हैदराबादेत सिकंदराबाद, काचीगुडा आणि आता चर्लापल्ली. ॲप शहर बघून जोडणी दाखवतं आणि मधला ट्रॅफिक धरत नाही.

मोठ्या शहरांचं निदान लोकांना माहीत असतं, फसवतात ती छोटी ठिकाणं. दौंडचं बघा. दौंड जंक्शनला पुण्याहून मनमाडकडे जाताना गाडीचं इंजिन फिरवावं लागतं, तो वेळ वाचवायला कॉर्ड लाइन टाकली आणि त्यावर दौंड कॉर्ड लाइन असं वेगळं स्टेशन आहे, काही गाड्या तिथेच थांबतात, दौंड जंक्शनला जातच नाहीत. तिकिटावर एकीकडे डीडी आणि दुसरीकडे डीडीसीसी असेल तर ती दोन वेगळी स्टेशनं आहेत. तसंच वर्धा आणि सेवाग्राम. भुसावळकडून येणारी गाडी वर्ध्याला येते, पण नागपूर-बल्लारशाह मार्गावरच्या गाड्या सेवाग्रामला थांबतात, वर्ध्याला नाही. त्यामुळे स्टेशनच्या नावावर जाऊ नका, कोड जुळवून बघा.

तारीख

रात्री बारानंतरच्या गाडीचं तिकीट काढताना दोनदा विचार करा. शनिवारी रात्री साडेअकराला जंक्शनवर उतरून बारा वीसची गाडी पकडायची तर ती रविवारची गाडी आहे, आणि शनिवारचं तिकीट काढलं असेल तर ती गाडी तुम्ही उतरायच्या तेवीस तास आधीच गेलेली असते. आठवड्यातून दोन-तीन दिवस धावणाऱ्या गाडीचे वार सुद्धा बरेचदा ती जिथून सुटते तिथले लिहिलेले असतात, तुमच्या स्टेशनवर ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येते.

बुकिंग उघडण्याचंही तेच. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ बुकिंग १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं, पण ते ६० दिवस गाडी मूळ स्टेशनवरून सुटते त्या तारखेपासून मोजतात. म्हणजे दुसरी गाडी लांबून येऊन तुमच्या जंक्शनवर दुसऱ्या दिवशी पोचत असेल तर तिचं बुकिंग तुमच्या हिशोबापेक्षा एक दिवस आधी उघडतं. तत्काळचाही हिशोब मूळ स्टेशनच्या तारखेवरून, आदल्या दिवशी एसी दहाला आणि नॉन-एसी अकराला. कॅलेंडरवर दोन्ही टप्प्यांच्या उघडायच्या तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा.

मधे किती वेळ ठेवायचा

या प्रश्नाचं एकच आकड्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वेळ ठरतो पहिल्या गाडीवर आणि तुम्ही तिच्या कुठल्या ठिकाणी उतरताय त्यावर.

टाइमटेबलमध्ये शेवटच्या टप्प्यात जास्तीचा वेळ घातलेला असतो, म्हणजे गाडी रस्त्यात लेट झाली तरी शेवटच्या स्टेशनवर ती भरून निघावी म्हणून. त्यामुळे एखादी गाडी शेवटी वेळेवर पोचते असं रेकॉर्ड दिसतं पण मधल्या जंक्शनला ती रोज तास-दीड तास लेट असते. तुम्ही मधे उतरणार असाल तर शेवटच्या स्टेशनचं रेकॉर्ड बघून काही उपयोग नाही, तुमच्याच जंक्शनचं बघा. एनटीईएसवर (गाडी कुठे आहे ते दाखवणारी रेल्वेची स्वतःची साइट) किंवा लाइव्ह रनिंग दाखवणाऱ्या ॲपवर त्या गाडीचं स्टेटस काही दिवस रोज बघायचं, शक्य असेल तर तुमच्या वाराचं पण, आणि लिहून ठेवायचं. मग सरासरी काढायची नाही, त्यातला सगळ्यात वाईट दिवस घ्यायचा आणि त्यावर तासभर टाकायचा.

माझा ढोबळ हिशोब असा: छोट्या पल्ल्याची गाडी आणि उतरायचं तिच्या शेवटच्या स्टेशनवर, तर दोन तास पुरतात. रात्रभर चालून आलेल्या गाडीतून मधल्या जंक्शनवर उतरायचं असेल तर चार ते पाच. स्टेशन बदलायचं असेल तर त्यावर अजून दोन. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून येणारी गाडी असेल तर धुक्यामुळे कुठलाच हिशोब चालत नाही, अशा वेळी सरळ एक रात्र जंक्शनवर मुक्काम धरा. कोकण रेल्वेवर पावसाळी टाइमटेबल लागतं तेव्हा गाड्या हळू धावतात आणि वेळाच बदलतात, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होतं, त्यामुळे मे महिन्यात बघितलेली जोडणी जुलैमध्ये तशीच असेल असं धरू नका. नंबर शून्याने सुरू होतो त्या स्पेशल गाड्या तर पहिल्या टप्प्याला शक्यतो घेऊच नका, एरवीच्या गाड्यांना वाट देत त्या सहज रखडतात.

वेळ आहे म्हणून कंटाळा येईल याची काळजी नको. क्लोक रूममध्ये बॅगा ठेवता येतात, फक्त बॅगेला कुलूप लागतं. मुक्काम असेल तर त्याच पीएनआरवर (तिकिटाच्या नंबरवर) रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनवरची राहायची खोली, ऑनलाइन मिळते का बघा.

बुकिंग करताना पीएनआर जोडा, हे सगळ्यात महत्त्वाचं

रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडायची सोय केलीय आणि अजूनही कितीतरी लोक ती वापरत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सोय अशी की पहिली गाडी लेट झाल्यामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे, म्हणजे न केलेल्या प्रवासाचे, पूर्ण पैसे परत मिळतात, कॅन्सलेशन चार्ज कापत नाहीत. दोन तिकिटं सुटी असतील तर रेल्वेच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवास, आणि तुम्ही दुसऱ्या गाडीला आलाच नाहीत एवढंच त्यांना दिसतं.

आयआरसीटीसीवर पहिलं तिकीट काढा, मग बुक्ड तिकीट हिस्टरीत जाऊन त्याच तिकिटावरून कनेक्टिंग जर्नीचा पर्याय घेऊन दुसरं काढा. खिडकीवर काढत असाल तर फॉर्म देतानाच क्लार्कला पहिला पीएनआर सांगा. दोन्ही तिकिटांवर प्रवासी तेच हवेत, नावं वय सगळं जुळलं पाहिजे, एका तिकिटावर चार जण आणि दुसऱ्यावर तीन असं चालत नाही. आणि पहिलं तिकीट जिथे संपतं तिथूनच दुसरं सुरू झालं पाहिजे, म्हणून वर स्टेशन कोडबद्दल एवढं लिहिलं. जोडता येतात दोनच पीएनआर, त्यामुळे तीन गाड्यांचा प्रवास असेल तर ज्या बदलात जास्त धोका आहे ती जोडी जोडा.

पहिलं तिकीट वेटिंगवर असेल तर दुसरं काढायची घाई करू नका. चार्ट (सीटवाटपाची यादी) झाल्यावर ऑनलाइन तिकिटावरचे सगळे प्रवासी वेटिंगवरच राहिले तर ते तिकीट आपोआप रद्द होऊन त्याचे पैसे येतात, पण दुसरं कन्फर्म तिकीट तुमच्या गळ्यात राहतं आणि ते ऐनवेळी रद्द करताना बरेच पैसे कापले जातात. आणि विकल्पच्या, म्हणजे वेटिंग राहिलं तर दुसऱ्या गाडीत जागा चालेल असं सांगणाऱ्या, चौकटीत टिक करू नका. थेट प्रवासाला विकल्प चांगला आहे, पण तोडलेल्या प्रवासात रेल्वेने तुम्हाला दुसऱ्याच गाडीत किंवा जवळच्या दुसऱ्या स्टेशनवरून जागा दिली की सगळी जोडणी कोलमडते.

गाडी लेट होत चाललीय, आता काय

डब्यात बसल्याबसल्या लक्ष ठेवा. दोन्ही गाड्यांचं लाइव्ह स्टेटस बघत राहा, दुसरी सुद्धा लेट असेल तर उगाच घाबरायला नको. दुसरी जंक्शनवरून सुटणारी असेल तर तिचा रेक (डब्यांचा संच) आधी कुठली गाडी म्हणून येतो ते बघा, ती येणारी गाडीच लेट असेल तर तुमची गाडी रिशेड्यूल होऊ शकते. इंटरनेट चालत नसेल तर रेल्वेच्या १३९ ला फोन करा.

जोडणी तुटणार हे स्पष्ट झालं की दोन कामं एकदम चालू करायची. पहिलं, पुढची गाडी. चार्ट झाल्यावर उरलेल्या सीट करंट बुकिंगमध्ये मिळतात, गाडी सुटायच्या साधारण अर्धा तास आधी दुसरा चार्ट होतो तोपर्यंत. जंक्शनला पोचायच्या आधीच फोनवर बघून ठेवा, आणि एखादी सीट दिसली तर घेऊन टाका. दुसरी गाडी पुढच्या स्टेशनवर टॅक्सीने गाठू असा विचार काही जण करतात, पण तुम्ही बोर्डिंग स्टेशनवर चढला नाहीत तर तुमची सीट टीटीई दुसऱ्याला देऊ शकतो, त्यामुळे तसं केलं तरी सीट राहीलच असं नाही.

दुसरं काम पैशांचं, आणि याला वेळेची मर्यादा आहे. ऑनलाइन तिकीट असेल तर पहिली गाडी जंक्शनला प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, भरायचा. खिडकीचं तिकीट असेल तर त्याच तीन तासांत जंक्शनच्या काउंटरवर तिकीट परत करायचं. टीडीआरमध्ये कारण बरोबर निवडा, कनेक्टिंग गाडी चुकली हेच, दुसरं काहीतरी निवडलं की प्रकरण लटकतं. पहिल्या गाडीच्या लाइव्ह स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून ठेवा ज्यात जंक्शनला पोचायची खरी वेळ दिसतेय. टीडीआरचे पैसे लगेच येत नाहीत, काही आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे नवीन तिकिटाचे पैसे खिशात धरूनच निघा.

पहिलीच गाडी तुमच्या चढायच्या स्टेशनवर तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल तर वेगळा नियम आहे. तुम्ही प्रवास करायचा नाही असं ठरवलं तर त्या तिकिटाचे पूर्ण पैसे मिळतात, तत्काळचं असलं तरी, पण टीडीआर गाडी प्रत्यक्षात सुटायच्या आधी भरलेला हवा. अशा वेळी घरून निघायच्या आधीच निर्णय घ्या, पाच तास लेट गाडीत बसून जंक्शनला मध्यरात्री अडकण्यापेक्षा प्रवास एक दिवस पुढे ढकललेला बरा. गाडीच रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप येतात, काही भरायला लागत नाही.

निघायच्या दोन दिवस आधी एकदा आणि आदल्या रात्री एकदा दोन्ही गाड्या एनटीईएसवर बघाच, रद्द, डायव्हर्ट किंवा शॉर्ट टर्मिनेट (शेवटच्या स्टेशनच्या आधीच संपवलेल्या) झाल्यात का. ब्लॉकमुळे मार्ग बदललेली गाडी तुमच्या जंक्शनला न जाता दुसरीकडूनच जाते, आणि वेटिंग-कन्फर्मच्या मेसेजवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला हे कळतच नाही. चार्ट पूर्वी गाडी सुटायच्या चार तास अगोदर व्हायचा, २०२५ पासून तो बराच आधी होतो, त्यामुळे वेटिंगमधून कन्फर्म झालेल्याला कोच आणि बर्थ नंबर सुद्धा लवकर कळतो. तो कळला की जंक्शनवर दुसऱ्या गाडीचा डबा पुढे येतो की मागे ते बघून ठेवा, चोवीस डब्यांच्या गाडीत सामान घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लागलं की दहा मिनिटं तिथेच जातात.